शेतावरच्या घरात सबस्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर चालवायचं, तर नेट किती आणि कुठून आणावं?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर, देपालपूर रस्ता सोडून आत शेतात घर आहे. गाव तिथून दीड किलोमीटर. घरातल्या डेस्कटॉपवर फोटोशॉप, इलस्ट्रेटर, ऑटोकॅड आणि मायक्रोसॉफ्ट ३६५, सगळं सबस्क्रिप्शनवर. मोबाइलची रेंज अंगणात दोन काड्या, खोलीत कधी एक, कधी तीही नाही. नेट सतत नसेल तर सॉफ्टवेअर बंद पडेल का, आणि नेट आणायचंच तर कोणतं?

आधी एक गोष्ट वेगळी काढू, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. सबस्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरला नेट दोन कारणांनी लागतं. एक, परवाना चालू आहे का ते तपासायला. दोन, प्रत्यक्ष कामाला: सॉफ्टवेअर उतरवणं, अपडेट, क्लाउडवर फाइल चढवणं, ग्राहकाला काम पाठवणं. पहिल्याला लागणारा डेटा इतका थोडा असतो, की दिवसाचा पॅक संपून स्पीड ६४ केबीपीएसवर आला तरी तपासणी बहुधा रडतखडत पार पडते. दुसऱ्याला गिगाबाइट लागतात. दोन्हींसाठी एकच मोठी लाइन शोधायला निघालात तर शेतात ती मिळणार नाही आणि हातातलं काम अडून बसेल.

परवान्याचा हिशोब असा. अडोबीची सबस्क्रिप्शन वर्षाच्या करारावर असेल तर नेटशिवाय ९९ दिवसांपर्यंत चालते, महिन्या-महिन्याची असेल तर ३० दिवस. ऑटोडेस्कला एका माणसाच्या सबस्क्रिप्शनसाठी ३० दिवसांतून एकदा नेट दाखवावं लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ लाही साधारण महिन्यातून एकदा. ३६५ ला नाही दाखवलं तर फाइल उघडते, छापता येते, पण बदल करता येत नाही. म्हणजे परवान्यापुरतं बोलायचं तर महिन्यातून एकदा मोबाइल यूएसबी केबलने जोडून दहा मिनिटं नेट दिलं की झालं. फक्त तिसाव्या दिवसाची वाट पाहू नका. दर महिन्याची एक तारीख ठरवा, त्या दिवशी नेट लावून प्रत्येक सॉफ्टवेअर एकदा उघडा आणि बंद करा. नुसतं विंडोज नेटला जोडून भागत नाही. अडोबी दोन कंप्युटरवर साइन-इन राहू देते. जुना लॅपटॉप कपाटात साइन-इन अवस्थेतच पडून असेल तर तो आधी साइन-आउट करा.

कॅनव्हा आणि फिग्मा या हिशोबात बसत नाहीत, ती ब्राउझरवर चालणारी आहेत आणि त्यांना काम करताना नेट हवंच. फोटोशॉपमधलं शब्द लिहून चित्र भरण्याचं कामही कंपनीच्या सर्व्हरवर होतं, तुमच्या कंप्युटरवर नाही.

आता एक बिघाड, जो नेटचा वाटतो पण नेटचा नसतो. वीज तासन्‌तास जाते अशा घरात मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल लवकर दगा देतो. तो मेला की वीज आल्यावर कंप्युटरची तारीख मागे जाते. उजव्या कोपऱ्यात चार-सहा वर्षांपूर्वीचं साल दिसतं. मग ब्राउझर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही, अडोबी म्हणते सर्व्हर सापडत नाही, आणि घरचे म्हणतात सिम बदला. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं. तारीख चुकली की ते अवैध ठरतं आणि परवान्याची तपासणी तिथेच अडते. डबा उघडा, सेल बदला, तारीख लावा. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

मोठे डाउनलोड शेतावर करूच नका. वर सांगितलेली सगळी सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवायची तर २० जीबीच्या आसपास तयारी ठेवा. २ एमबीपीएसच्या लाइनवर २० जीबी उतरायला बावीस तास लागतात, तेही मध्ये एकदाही तुटली नाही तर. ४० एमबीपीएसवर तेच काम सवा तासात होतं. म्हणून सीपीयूचा डबा गाडीत घाला आणि इंदूरमध्ये ज्या नातेवाइकाकडे फायबर आहे त्यांच्याकडे एक दुपार काढा. मॉनिटर न्यायची गरज नाही, त्यांच्या टीव्हीला एचडीएमआयने जोडता येतो. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर दहा मीटरची लॅन केबल सोबत ठेवा, राउटर बहुधा दुसऱ्या खोलीत असतो. तिथेच विंडोजचे अपडेट पुरे करा, अडोबीचे फॉन्ट चालू करून घ्या आणि प्रत्येक सॉफ्टवेअर एकदा उघडून बघा.

घरी आल्यावर चार सेटिंग बदला. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' करा, म्हणजे तो स्वतःहून मोठे अपडेट ओढणार नाही. शिवाय अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमधलं ऑटो-अपडेट बंद. वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठवणीकडे, विशेष लक्ष द्या: डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर तो न सांगता क्लाउडवर चढवायला लागतो, आणि तुमची ५०० एमबीची फोटोशॉप फाइल तुम्ही दर वेळी सेव्ह केली की तो तिचा बदललेला भाग पुन्हा चढवू पाहतो. १ एमबीपीएस अपलोडवर अशी एक पूर्ण फाइल तासाहून जास्त खाते. त्याच्या सेटिंगमध्ये बॅकअप बंद करा किंवा अपलोडला मर्यादा घाला. 'नेट आहे पण काहीच उघडत नाही' या तक्रारीत अपलोड असाच भरून गेलेला असणं हे फार सामान्य कारण आहे.

आता नेट कुठून. आधी फायबरची चौकशी करा, कारण गावापर्यंत फायबर आलं असेल तर बाकीचं बरंच सोपं होतं. २०११ मध्ये मंजूर झालेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना पुढे भारतनेट झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. कागदावर ग्रामपंचायत जोडलेली असते. तुम्ही मात्र पंचायतीच्या सचिवांना दोनच गोष्टी विचारा: पंचायत भवनातल्या खोक्याचे दिवे आज लागलेत का, आणि गावात कुणाच्या घरी कनेक्शन चालू आहे. त्या घरी जाऊन विचारा, गेल्या महिन्यात किती दिवस बंद होतं. जुनी लाइन ब्लॉकपासून एकाच रांगेत टाकलेली असेल तर मधल्या गावात जेसीबीने फायबर तोडलं की पुढची सगळी गावं बंद पडतात. सुधारित योजनेत ती वर्तुळात जोडायची आहे. पंचायतीतल्या यंत्राची बॅटरी मेलेली असली तर गावातली वीज गेली की तुमच्या घरी वीज असूनही नेट जातं.

फायबर घरापर्यंत येत असेल तर लाइनमनला ओएनटीवरचं, म्हणजे घरात बसवलेल्या फायबरच्या खोक्यावरचं, रीडिंग दाखवायला सांगा. -१५ ते -२५ डीबीएममध्ये असलं तर ठीक (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप; उणे आकडा शून्यापासून जितका दूर, तितका सिग्नल कमजोर). घरगुती फायबरच्या जीपीओएन पद्धतीतला नेहमीचा रिसीव्हर -२७ पर्यंत ऐकतो, म्हणजे -२६ वर जोडून दिलेली लाइन आज चालेल आणि पहिल्या पावसात लाल दिवा दाखवेल. निळं आणि हिरवं कनेक्टर एकमेकांत कधी घुसवू देऊ नका: हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, बसतात नीट पण प्रकाश निसटतो. दाराच्या चौकटीतून केबल काटकोनात वळवणं हीही नेहमीची चूक. अंगठा आणि तर्जनीने केलेल्या गोलापेक्षा लहान वळण नको.

तुमच्या बाबतीत गाव दीड किलोमीटरवर आहे आणि तेवढ्या लांब शेतात फायबर ओढायला कुणी राजी होणार नाही. ओढलं तरी बांधावरून गेलेलं फायबर नांगर आणि उंदीर यांच्यात फार टिकत नाही. म्हणून गावात फायबर चालू असेल तर माझं पहिलं मत रेडिओच्या जोडीला, म्हणजे बिनतारी नेट एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर नेणाऱ्या दोन खोक्यांना. गावातल्या एखाद्या ओळखीच्या घरात कनेक्शन स्वतःच्या नावावर घ्या, त्या घराच्या गच्चीवर ५ गिगाहर्ट्‌झचा एक रेडिओ आणि तुमच्या गच्चीवर दुसरा, समोरासमोर. भारतात ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या आत २०१८ पासून परवानामुक्त आहे. नेट देणाऱ्याला आधी विचारा की कनेक्शन दुसऱ्या जागी असं नेलेलं चालतं का, आणि शेजाऱ्यांना पैसे घेऊन ते वाटू नका. त्याला वेगळा परवाना लागतो.

इथे लोक चुकतात ते 'समोरचं घर दिसतं म्हणजे झालं' या समजुतीत. रेडिओची वाट दोऱ्यासारखी नसते, मध्यभागी फुगलेल्या काकडीसारखी असते. दीड किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्‌झवर तिची मधली त्रिज्या ४.४ मीटर येते, आणि तिचा किमान साठ टक्के भाग, म्हणजे सुमारे २.६ मीटर, मोकळा हवा. सोयाबीन किंवा गहू आडवा येत नाही; वाटेतला आंबा आणि कडुनिंब येतो. झाडाच्या शेंड्यावरून रेषा निदान तीन मीटर वर जाते का ते बघा, आणि झाड पाच वर्षांत किती वाढेल तेही धरा. देपालपूर-गौतमपुराकडची जमीन सपाट असल्याने सहा मीटरचे दोन जीआय पाइप बहुतेक वेळा पुरतात. चोरल, मानपूर, जानापावच्या बाजूला घाट सुरू होतो. तिथे मधली टेकडी कितीही पाइप लावून हटत नाही. जोडताना चॅनल २० मेगाहर्ट्‌झ रुंदीचाच ठेवा, ८० चा मोह नको. शेतात स्पीडपेक्षा टिकाऊपणा महत्त्वाचा. एका माणसाने रेडिओ हळूहळू फिरवायचा आणि दुसऱ्याने फोनवर आकडा वाचायचा. -५० ते -६० डीबीएम आला की नट आवळा. आवळताना तो हलतो, म्हणून आवळल्यावर आकडा पुन्हा बघा.

गावात फायबर नसेल तर मोबाइल टॉवर. इथे काड्या बघणं सोडून द्या. फोनमधल्या काड्या कंपनी आपल्या मर्जीने रंगवते. नेटवर्क सेल इन्फोसारखं ॲप घ्या आणि आरएसआरपी व एसआयएनआर हे दोन आकडे वाचा. पहिला सिग्नलचा जोर, दुसरा त्यातला गोंगाट वजा करून उरलेला अर्थ. आरएसआरपी -८० ते -९५ असला तर कामाचं, -१०५ ला अँटेना हवाच, -११५ च्या खाली अँटेनाही फार करत नाही. एसआयएनआर १३ च्या वर असला तर -१०० वरही चांगलं नेट मिळतं. शून्याच्या खाली असला तर चार काड्या असूनही पान उघडत नाही. जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल अशी चारही सिम मिळवा, गच्चीच्या चार कोपऱ्यांत आकडे वहीत लिहा, आणि हे रात्री आठ ते दहाच्या दरम्यान निदान तीन दिवस करा. दुपारी दोन वाजता घेतलेली स्पीड टेस्ट काही सांगत नाही. तेव्हा सगळं गाव शेतात असतं. बीएसएनएलचं ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झाल्याचं जाहीर झालं आहे, तेव्हा जुन्या अनुभवावर ते यादीतून काढू नका.

टॉवर कुठे आहे ते दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात दिसतं. कंपन्यांनीही कव्हरेजचे नकाशे आपापल्या संकेतस्थळांवर द्यावेत असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. पण तो नकाशा गावच्या चौकाचं उत्तर देतो, तुमच्या गच्चीचं नाही. एअरफायबरचं, म्हणजे टॉवरवरून ५जीने घरात येणाऱ्या नेटचंही तसंच: पिनकोड टाकल्यावर 'उपलब्ध' आलं तरी माणूस येऊन गच्चीवर ५जी मोजत नाही तोवर पैसे भरू नका.

वस्तू घेताना आउटडोअर राउटर घ्या, म्हणजे अँटेना आणि मॉडेम एकाच खोक्यात पाइपवर, आणि खाली येते ती फक्त कॅट-६ ही लॅन केबल, जिच्यातूनच वीजही वर जाते. खोलीतला राउटर आणि गच्चीवर वेगळी अँटेना ही रचना स्वस्त दिसते, पण मधली केबल सिग्नल पिते. एलएमआर-२०० ही अँटेनाची पातळ केबल २३०० मेगाहर्ट्‌झला मीटरमागे अर्धा डेसिबलहून जास्त खाते. पंधरा मीटर टाकली की आठ डेसिबल गेले, म्हणजे अँटेनाने मिळवलेलं जवळजवळ सगळं. एलएमआर-४०० मध्ये नुकसान मीटरमागे ०.२२ च्या आसपास, पण ती जाड आणि महाग. 'अठ्ठावीस डीबीआय' (अँटेनाच्या ताकदीचं माप) असा छाप मारलेली हातभर अँटेना दुकानात दिसली तर पुढे चला. त्या आकाराला तो आकडा भौतिकशास्त्र देत नाही.

खोक्यावर बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, वाचल्याशिवाय राउटर उचलू नका. जिओ आणि एअरटेलसाठी निदान ३, ५, ८ आणि ४० हवेत, दुसरी कंपनी घेतली तर तिचे बँड आधी विचारा. जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झ वापरते, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. परदेशी बाजारासाठी बनवलेल्या राउटरमध्ये अनेकदा बँड ५ किंवा ४० नसतो आणि इंदूरच्या जेल रोडला तो 'इम्पोर्टेड' म्हणून चढ्या भावात मिळतो. राउटरमध्ये बँड निवडून कुलूप लावायची सोय असेल तर उत्तम: फोन आपोआप ८५० ला चिकटतो कारण ते लांब पोचतं, पण त्यावर गर्दी असते आणि रुंदी कमी, पाइपवर चढवलेल्या राउटरला २३०० पकडता आलं तर तोच टॉवर कितीतरी पट जास्त देतो. मोबाइलच्या योजनेतलं अमर्याद ५जी राउटरमध्ये घातलेल्या सिमला मिळेलच असं मात्र धरू नका, अटी वाचा.

आणि ते पांढरे 'सिग्नल बूस्टर' अजिबात नाही. परवानगीशिवाय मोबाइल रिपीटर बसवणं गुन्हा आहे. ते टॉवरच्या कानात गोंगाट करतं, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांचं नेट बिघडतं आणि शोधत आलेलं पथक ते उचलून नेतं.

उपग्रहाचं थोडक्यात. ३६,००० किलोमीटरवरच्या जुन्या पद्धतीच्या उपग्रहातून एक हेलपाटा अर्ध्या सेकंदाहून जास्त घेतो. परवाना तपासायला आणि मेलला पुरतं, रिमोट डेस्कटॉपला नाही. स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला आहे. कंपनी स्वतः तुमच्या पत्त्यावर ऑर्डर घेईल त्या दिवशी विचार करा. आगाऊ बुकिंगच्या नावाने पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वीज. शेतावरच्या घराचं कनेक्शन शेतीच्या फीडरवर आहे की आबादीच्या (गावच्या वस्तीच्या), हे आधी बघा. मध्य प्रदेशात शेतीच्या फीडरला दिवसाला दहा तास पुरवठ्याची पद्धत आहे, तीही कधी रात्री. शिवाय शेजारची पाच हॉर्सपॉवरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज असं दबतं की राउटर रीस्टार्ट होतो, आणि तो उठून टॉवरला जोडला जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. लोक समजतात नेट तुटलं. घरात इन्व्हर्टर असला तरी वीज बदलायच्या क्षणी काही राउटर झोपतात. त्यावर उपाय १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस. मोठा बॅकअप हवा तर १२ व्होल्ट ७ एएचची लेड-ॲसिड बॅटरी ८४ वॉट-तासांची असते, निम्मीच वापरायची. १५ वॉटच्या राउटर-रेडिओला पावणेतीन तास. रेडिओची जोडी लावली असेल तर गावातल्या टोकालाही असाच यूपीएस लागतो. हे बरेच लोक विसरतात, आणि मग आपल्या घरात दिवा असूनही नेट का नाही म्हणून राउटर बडवत बसतात.

वर वीज पाठवणारा ॲडॉप्टर राउटरसोबत आलेलाच वापरा. काही रेडिओ २४ व्होल्ट घेतात, काही ४८. प्लग सारखाच दिसतो आणि २४ च्या रेडिओला सरळ ४८ दिले की तो जळतो. कॅट-६ केबल शुद्ध तांब्याची आणि बाहेर टिकणाऱ्या काळ्या आवरणाची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त असते, पण तीस-चाळीस मीटरला तिच्यात व्होल्टेज पडतं आणि रेडिओ रात्री, लोड वाढला की, बंद पडतो. ओळखायची खूण: ब्लेडने तार खरवडा, आत पांढरं दिसलं की परत करा.

माळव्यात जूनमधल्या पहिल्या गडगडाटात सगळ्यात जास्त राउटर मरतात. पाइपला अर्थिंग द्या आणि ते घराच्या अर्थिंगला जोडा. दोन वेगळी ठेवली तर वीज पडल्यावर दोघांमधला फरक तुमच्या लॅन पोर्टमधून वाट काढतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून एप्रिलपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी. वादळ दिसलं की पॉवर प्लग आणि कॅट-६ दोन्ही काढा, नुसता स्विच बंद करून उपयोग नाही.

पाइप घराच्या भिंतीला क्लॅम्पने बांधा, शेतात खड्डा करून उभा करू नका. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. जूनमध्ये सरळ उभा केलेला पाइप दिवाळीला दोन बोटं कललेला असतो आणि दीड किलोमीटरवर ते दोन बोटं म्हणजे नेम कित्येक मीटर सरकतो. ताणाच्या तीन तारा तुम्हाला जमिनीतच अडकवाव्या लागल्या तर पावसाळा संपल्यावर पुन्हा आवळा, आणि त्याच दिवशी गच्चीवर जाऊन रेडिओचा आकडा परत वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.